फळीतले धनुष्य

गोष्ट १९९१ सालची. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर भटकंतीस गेलेल्या एका जर्मन दांपत्याला बर्फातून अर्धवट बाहेर आलेला मानवी देह दिसला. एखाद्या दुर्दैवी गिर्यारोहकाचा असावा, अशी आरंभी सर्वांची समजूत झाली. पुढे तपासणीअंती तो देह सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा असल्याचे निष्पन्न झाले आणि ‘ओत्झी’ या नावाने तो प्राचीन पुरुष जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीविषयी आणि अंगावरील गोंदणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने कमी बोलली गेलेली वस्तू म्हणजे त्याचे धनुष्य.

यू वृक्षाच्या लाकडाचा हा दांडा १ मीटर ८२ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे खुद्द ओत्झीपेक्षा वीतभर उंच आहे. त्याच्या अंगावर हत्याराचे घाव एकापुढे एक स्पष्ट दिसतात. दोरी अडकवण्यासाठी टोकांना खाचा मात्र नाहीत. भात्यात चौदा बाण होते, त्यांपैकी दोनच पुरे झालेले. याचा अर्थ उघड आहे. हा मनुष्य धनुष्य घडवत होता आणि ते काम अर्ध्यावर होते. २००१ साली क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले आढळले. स्वतःचे धनुष्य पुरे होण्याआधीच तो दुसऱ्याच्या बाणाला बळी पडला होता.

त्या धनुष्याचे नेमके कोणते काम उरले होते? वरवर पाहता फारसे नाही. दांडा तासलेला आहे, दोन्ही टोकांकडे निमुळता होत गेला आहे. खाचा पाडल्या आणि दोरी चढवली की झाले, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. गेल्या वर्षी हौसेपोटी लाकडाचे धनुष्य स्वतःच्या हातांनी घडवायला बसलो, तेव्हा कळले की खरे काम तिथूनच सुरू होते.

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी, ही आपली बालपणापासूनची कल्पना. दसऱ्याच्या सुमारास मुले कामटीला सुतळी बांधून जे करतात ते हेच. परंतु काठी वाकते तेव्हा तिच्या आत काय घडते, याचा विचार आपण करीत नाही. धनुष्य ओढले असता त्याची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणू आणि जी धनुर्धराकडे असते तिला पोट. वाकताना पाठीचे तंतू ताणले जातात, तर पोटाचे तंतू दाबले जातात. एकाच लाकडाच्या बोटभर जाडीत ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच वेळी चालतात. मध्यभागी असा एक थर असतो की ज्याला ना ताण, ना दाब. सुके लाकूड तंतूंच्या दिशेने ताण पुष्कळ सहन करते, दाब त्या मानाने कमी. म्हणून चांगल्या धनुष्याचे पोट हळूहळू दबते आणि दोरी उतरवल्यावरही दांडा किंचित वाकलेलाच राहतो. ही खोड सहसा जीवघेणी नसते. पाठ मात्र दगा देते तेव्हा एका क्षणात देते, आणि तिच्या दगाबाजीचे कारण बहुधा एकच असते: तंतू मध्येच तुटलेला असणे.

झाड उभे वाढते तेव्हा त्याचे तंतू बुंध्यापासून शेंड्याकडे अखंड जातात. करवतीला त्याचे सोयरसुतक नसते. ती सरळ रेषेत कापते आणि तंतू तिरके असतील तर फळीच्या कडेवर त्यांची टोके उघडी पडतात. टेबलासाठी किंवा कपाटासाठी याने काही बिघडत नाही. धनुष्याच्या पाठीवर असे एक उघडे टोक पुरते. ताण आला की तिथून सालपट उचलले जाते आणि पाठोपाठ दांडा मोडतो. जुने कारागीर यासाठी झाडाचा ओंडका करवतीने न कापता पाचरी ठोकून फोडत. लाकूड मग आपल्या तंतूंच्या वाटेनेच दुभंगते. त्यानंतर साल काढून, बाहेरच्या बाजूचे एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचे आणि तीच धनुष्याची पाठ मानायची. पाठीवर पुन्हा हत्यार चालवायचे नाही, हा या विद्येतील पहिला नियम होय.

यू वृक्षाला युरोपात एवढी प्रतिष्ठा लाभली तीही याच कारणाने. त्याच्या बाहेरचे पांढरट रसकाष्ठ ताण उत्तम सोसते आणि आतले तांबूस अंतःकाष्ठ दाब उत्तम सोसते. दांडा अशा बेताने काढायचा की पाठीला रसकाष्ठ आणि पोटाला अंतःकाष्ठ यावे. निसर्गानेच दोन लाकडे जोडून दिल्यासारखे ते असते. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली, ती सारी यूची. आपल्याकडे हिमालयात याच कुळातील ‘थुनेर’ आढळतो. पण कर्करोगावरील औषधासाठी झालेल्या बेसुमार तोडीने तो संकटात आला आहे, तेव्हा त्याचा विचारही नको.

शहरात राहणाऱ्या नवशिक्याने ओंडका आणायचा कोठून? त्याने लाकडाच्या वखारीत जावे आणि सरळ नसेची फळी शोधावी. मी अ‍ॅश या आयात लाकडाची फळी घेतली. रंग छान, किंमत परवडणारी, गाठ एकही नाही. फळीच्या रुंद अंगावर रेषा सरळ होत्या. कडेच्या अंगावर त्या तिरक्या जात बाहेर पडत होत्या, हे मी पाहिलेच नाही. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी खर्ची घालून केलेले ते धनुष्य निम्म्याहून थोडे अधिक ओढताच फटाक्यासारखा आवाज करून मोडले. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या मिस्त्रींना तुकडे दाखवले. त्यांनी मोडलेल्या जागी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, नस बाहेर गेलीय की. याचा कुदळीला दांडासुद्धा मी घातला नसता.” पुढच्या खेपेला त्यांनाच वखारीत घेऊन गेलो. त्यांनी पस्तीसएक फळ्या उलथ्यापालथ्या केल्या आणि एक निवडली. दुकानदार आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती अजून आठवते.

फळी निवडण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही, हे सांगण्यासाठी इतके लिहिले. पुढची आखणी त्या मानाने सोपी आहे. बाण ७० सेंटिमीटरपर्यंत ओढायचा असेल तर वाकणारा भाग त्याच्या किमान दुप्पट हवा आणि मधली न वाकणारी मूठ निराळी. म्हणजे एकूण लांबी १७० सेंटिमीटर धरावी. धनुष्याच्या मधल्या भागाला संस्कृतात ‘लस्तक’ आणि टोकांना ‘अटनी’ अशी नेमकी नावे आहेत. प्रत्येक अवयवाला नाव आहे याचा अर्थ त्यावर विचार करणारे लोक होते. मुठीच्या दोन्ही बाजूंचे बाहू साडेचार सेंटिमीटर रुंद ठेवावेत आणि निम्म्या लांबीनंतर टोकांकडे दीड सेंटिमीटरपर्यंत निमुळते करावेत. मुठीला पोटाच्या बाजूने जास्तीचा एक ठोकळा सरसाने पक्का चिकटवावा.

रुंद आणि चपटा बाहू पाहून जाणकार वाचक बुचकळ्यात पडतील. चित्रांतील इंग्रजी धनुष्य अरुंद आणि गोलसर असते. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॅरन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी हौस म्हणून धनुष्यांची शास्त्रीय मापने घेतली आणि चपट्या, आयताकृती छेदाच्या बाहूत ताण अधिक समान वाटला जातो, असे दाखवून दिले. यूसारखे असामान्य लाकूड हाताशी नसणाऱ्याला हा चपटा आकार पुष्कळ सांभाळून घेतो.

आकार कापून झाला की हातात जे उरते ते जवळजवळ ओत्झीच्या दांड्याच्या अवस्थेतले असते. दिसायला धनुष्य, वागायला वासा. आता ते वाकवायला शिकवायचे. इंग्रजीत या कामाला ‘टिलरिंग’ म्हणतात, आपण त्याला बाक जुळवणे म्हणू. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत आणि प्रत्येक बाहू त्याच्या संपूर्ण लांबीत वाकला पाहिजे. एखादी जागा ताठ राहिली की तिच्या वाटचे वाकणे शेजारच्या जागेला सोसावे लागते. एखादी जागा अधिक पातळ झाली की सगळा बाक तिथेच गोळा होतो. दाराला बिजागरी असावी तसा बाहू त्या ठिकाणी दुमडतो आणि शेवटी तिथेच मोडतो.

इथे थोडे गणित आवश्यक आहे. बाहूचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा दहा टक्क्यांनी उतरतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर तो सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो! बारा मिलिमीटर जाडीच्या जागेवरून एकच मिलिमीटर तासला, तर तिथला जवळपास पाव ताठपणा गेलाच म्हणून समजा. आरंभी रंध्याने भराभर निघणारी सालपटे पाहून हुरूप येतो. याच हुरुपात पुष्कळ धनुष्ये पोरांच्या खेळण्यातली होतात. म्हणून काही वेळाने रंधा बाजूला ठेवून खरखरीत कानस घ्यायची, नंतर नुसते काचेच्या किंवा पोलादी पट्टीच्या कडेने खरवडायचे. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. खरवडायचे ते फक्त पोटाच्या बाजूने. पाठ तशीच.

पद्धत अशी. प्रथम धनुष्याचे एक टोक जमिनीवर टेकवून मुठीवर हलका भार द्यावा आणि बाहू कसा वाकतो ते पाहावे. दोन्ही बाहू दोन-चार बोटे वाकू लागले की टोकांना खाचा पाडून एक लांब, सैल दोरी चढवावी. भिंतीला टेकवलेल्या खांबाच्या माथ्यावर मूठ ठेवावी आणि दोरी खाली कप्पीतून घेऊन दूर उभे राहून ओढावी. दूर उभे राहण्यात दोन लाभ आहेत. एक म्हणजे बाक नीट दिसतो आणि दुसरे म्हणजे मोडले तर तुकडा डोळ्यांत जात नाही. तरीही चष्मा घालावा. ताठ दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करावी, फक्त तिथेच खरवडावे, मग धनुष्य तीसेक वेळा हलकेच ओढून सोडावे. लाकडाला नव्या बाकाची सवय व्हायला एवढा वेळ लागतो. त्याआधी केलेली पाहणी फसवी असते. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. धनुष्य जितक्या जोराचे करायचे ठरवले असेल, त्याहून अधिक जोर बाक जुळवताना एकदाही लावू नये. नवशिक्याला बारा-तेरा किलोचा जोर भरपूर होतो. दोरीला वजनकाटा लावावा. काटा तेरा किलोवर आला की थांबावे, मग दोरी वीतभरच मागे आलेली असली तरी चालेल. खरवडावे आणि पुन्हा ओढावे.

डोळा फसतो, याचा अनुभव मला दुसऱ्या धनुष्याच्या वेळी आला. डावा बाहू चांगला वाकतो असे मी चार संध्याकाळी समजत होतो. मग एक जुनी युक्ती केली. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर १५ सेंटिमीटरची सरळ पट्टी ठेवायची आणि मुठीपासून टोकाकडे सरकवत न्यायची. पट्टीच्या मध्याखाली जी फट दिसते ती सर्वत्र सारखी असावी. माझ्या धनुष्यात मुठीजवळ ती दुप्पट होती आणि टोकाकडे फट नव्हतीच. बिजागरी तयार होऊ लागली होती. त्यानंतर आठवडाभर मुठीजवळच्या त्या जागेला हात न लावता उरलेला सगळा बाहू तिच्या बरोबरीला आणावा लागला. सोळा किलोचे ठरवलेले धनुष्य त्यापायी तेरावर उतरले, पण टिकले.

आपल्या दैनंदिन मराठीत ‘शिवधनुष्य पेलणे’ हा वाक्प्रचार निवडणुकीपासून अंदाजपत्रकापर्यंत कशालाही वापरला जातो. मूळ कथेत ते धनुष्य ओढताना मधोमध मोडले, याकडे धनुष्य घडवणाऱ्याचे लक्ष गेल्याखेरीज राहत नाही. कित्येक वर्षे पेटीत पडून असलेल्या धनुष्याला एकदम पूर्ण ओढणे हा कोणत्याही काळात धोकाच!

दोरीबाबत संस्कृत कोशकारांनी दिलेली नावे उद्बोधक आहेत. ज्या, गुण, शिंजिनी आणि मौर्वी. यातील मौर्वी म्हणजे मूर्वा या वनस्पतीच्या तंतूंची. ओत्झीच्या भात्यात सुमारे दोन मीटर लांबीची, प्राण्यांच्या तांतीपासून वळलेली दोरी गुंडाळून ठेवलेली होती. ती धनुष्याचीच असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. नवशिक्याने डॅक्रॉनच्या धाग्याचे दहा-बारा पेड एकत्र करून दोरी वळावी. नायलॉन टाळावे, कारण ते ताणाखाली लांबते. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर राहावे. बाणाविना दोरी ओढून सोडणे सर्वथा वर्ज्य समजावे. बाणाला मिळायची ती सारी ऊर्जा मग धनुष्याच्याच अंगात शिरते.

हौशी लोकांच्या पुस्तकांतून हे ज्ञान आज सहज मिळते. त्या पुस्तकांच्या मुळाशी मात्र एका एकाकी माणसाचे आयुष्य आहे. १९११ सालच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, भेदरलेला मूळनिवासी पुरुष सापडला. त्याच्या याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात कत्तल केली होती आणि तिच्यातला बहुधा हा शेवटचा उरलेला. आपले नाव त्याने कधीच कोणाला सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, त्याच नावाने तो ओळखला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात तो राहिला. तिथे त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप हे त्याचे शिष्य बनले. डोंगरी ज्युनिपरच्या लाकडाच्या पाठीवर तांतीचा थर चिकटवून तो धनुष्य कसे करतो, हे पोप यांनी टप्प्याटप्प्याने पाहिले आणि टिपून ठेवले. न वापरता धनुष्य उभे ठेवू नये, आडवे ठेवावे, उभे ठेवले तर ते दमते, अशी इशीची धारणा होती. मार्च १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. पोप यांची धनुर्विद्येवरील पुस्तके १९२३ साली निघाली आणि अमेरिकेत हाताने धनुष्य घडवण्याची हौस पुन्हा रुजण्यास त्यांनी मोठा हातभार लावला. ती मैत्री घडली नसती तर याहींची ही विद्या इशीबरोबरच मातीत गेली असती.

आपल्याकडे शोध करायला संग्रहालयात जाण्याची आवश्यकता नाही. सातपुड्यातील भिल्लांचा कमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ, लवचिक पट्टीची. धातूचा खिळा नाही, सरस नाही. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत दाट असतात, आतल्या बाजूस विरळ. लाकडात जी पाठ आपण जपून शोधतो, ती बांबूत उघडीच असते. भारताचे ऑलिंपिक धनुर्धर लिंबाराम हे राजस्थानातील याच आदिवासी परंपरेतून आले. १९८८, १९९२ आणि १९९६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ते उतरले, अर्थात तिथे त्यांच्या हाती आधुनिक धनुष्य होते. पहिले धनुष्य बांबूचे होते.

लाकडात आपल्याकडचे नाव घ्यायचे तर धामणीचे. संस्कृतात या वृक्षाला ‘धन्वन’ म्हणतात, म्हणजे धनुष्य त्याच्या नावातच आहे. लवचिकपणामुळे हत्यारांचे दांडे आणि खांद्यावरच्या कावडी यांसाठी हे लाकूड पूर्वापार वापरात आहे. भर ओझ्याखाली रोज लवणारी आणि रोज सरळ होणारी कावड हे धनुष्याच्या लाकडाचे याहून चांगले प्रमाणपत्र कोणते? मात्र त्यासाठी रानातले उभे झाड तोडण्याच्या भानगडीत पडू नये. जुने दांडे, छाटलेल्या फांद्या यांवर समाधान मानावे.

आपल्या हवामानाचा एक मुद्दा परदेशी पुस्तकांत सापडत नाही. लाकडातील ओल आठ ते दहा टक्के असावी, असे ती सांगतात. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात हे अशक्यप्राय आहे. ओलसर लाकूड मोडत नाही, पण दबते. दोरी उतरवल्यावरही ते वाकलेले राहते आणि बाण जेमतेम अंगणापार जातो. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करावे, पूर्ण झालेल्या धनुष्याला तेलाचे किंवा शेलॅकचे चार-पाच हात द्यावेत आणि काम नसताना दोरी उतरवून ते आडवे टांगावे.

माझे दुसरे धनुष्य सध्या असेच दोन खुंट्यांवर आडवे आहे. दोरी उतरवल्यावर ते मधोमध चार सेंटिमीटर वाकलेले राहते. डावा बाहू अजूनही उजव्यापेक्षा किंचित सुस्त आहे. बाण साठ-सत्तर पावले जातो. त्याच्याखाली, पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी, गावाकडून आणलेली धामणीची एक जुनी कावड ठेवली आहे. तिच्या कडेवरच्या रेषा मिस्त्रींनी दोनदा तपासल्या. पावसाळा संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असे आमचे ठरले आहे.